खूण होती की नव्हती

यंदा मे महिन्यात आमच्या नांदेडच्या कॉलनीत टँकर आला. गोदावरीच्या काठी राहून टँकर, म्हणून लोक चिडले होते. कुणी नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडत होतं, कुणी फोटो काढत होतं. मी मात्र हॉर्न ऐकला आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून उठले. माझे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिन्यापासून लांब राहायला सांगितलंय, पण तो हॉर्न माझे पाय अजून ओळखतात. बादली घेऊन खाली गेले तर रांगेत सगळे फोनमध्ये मान घालून गुपचूप उभे. मला चुकल्यासारखं झालं. टँकरच्या रांगेत वाद नाही म्हणजे ती कसली रांग? न राहवून मी पुढच्या बाईंना विचारलं, एवढ्यात एखादा मारामारीचा सिनेमा बघितलात का हो. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

त्यांना काय सांगणार? माझं निम्मं शिक्षण टँकरच्या रांगेत झालंय आणि तेही एका सिनेमाच्या शेवटावर.

आम्ही लातूरला गेलो तेव्हा जिल्हा नवा होता आणि पाणी नव्हतं. ह्यांची नेमणूक नव्या कलेक्टर कचेरीत झाली होती. कचेरी म्हणजे काय, तर खोल्या होत्या, टेबलं यायची होती. हे खोक्यावर बसून काम करायचे आणि घरी येऊन कंबर धरायचे, पण सांगताना छाती फुगवून सांगायचे, आपल्या हातानं जिल्हा उभा राहतोय. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथं 'जि. लातूर' रंगवायचं काम गावभर चाललेलं होतं. नवी अक्षरं जुन्यांपेक्षा जास्त काळी दिसायची. लोकांना अभिमान होता आणि तितकीच चेष्टाही सुचत होती. जिल्हा आला, आता त्याच्या मागच्या गाडीनं पाणी येतंय, असं गोलाईच्या बाजारातले हमालसुद्धा म्हणायचे. त्या मागच्या गाडीची वाट बघण्यात अख्खा उन्हाळा गेला.

मी मूळची देगलूरची. आमच्या बोलण्यात तेलुगू, कानडी, उर्दू सगळंच सांडलेलं असतं, त्यामुळं लातुरात मी तोंड उघडलं की बायका हसायच्या. म्हणून मी तोंड उघडायचीच नाही. नवं लग्न, नवं गाव, पोटात मूल आणि जवळ ओळखीचं कुणी नाही. आम्ही भाड्यानं राहायचो ती वखार गल्ली. डाळ मिलच्या कोंड्यानं सगळ्या पायऱ्या पिवळसर झालेल्या असायच्या. गल्लीत पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि त्यानंतर पुढचं काही विचारलं नाही. आडनावातून त्यांना हवं ते कळलेलं होतं. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तीही दारातून दिसायची. कुणी वाईट बोललं नाही. फक्त रांगेत माझ्या घागरीच्या आणि पुढच्या घागरीच्या मधे थोडी जास्त जागा राहायची.

समोरच्या घरातल्या गंगवाकाकूंनी मात्र आडनावानंतरही एक प्रश्न विचारला. "कितवा म्हैना?" एवढाच. त्यांच्या घरी पेंडीचं दुकान होतं, शेंगदाण्याच्या पेंडीचा वास काकूंच्या पदराला कायमचा. त्यांचे यजमान अप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि ओठ घट्ट मिटलेले. ते ओट्यावर बसून गल्ली बघायचे आणि कुणी नमस्कार केला तर मान फक्त इतकुशी हलवायचे. थोरला मुलगा दुकानात बसायचा. घरात आणखी एक मुलगा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता टॉकीजचं सांगते. टँकर यायची काही वेळ नसायची. तो सकाळी येईल, दुपारी येईल, नाही तर येणारच नाही. त्यामुळं बायका घर सोडून हलेनात आणि टॉकीजची लेडीज बाजू ओस पडली. मालक हुशार. त्यांनी तिकिटाच्या खिडकीवर बोर्ड लावला: 'टँकर आल्यास पडद्यावर कळविण्यात येईल.' एरवीही कुणाला बाहेर बोलवायचं असलं की पडद्यावर नाव दाखवायचेच, तीच युक्ती. काचेच्या पट्टीवर काजळी धरायची, तिच्यावर काडीनं अक्षरं कोरायची आणि ती पट्टी दुसऱ्या दिव्यापुढं धरायची. सिनेमा चालूच राहायचा आणि त्याच्यावर पांढरी अक्षरं उमटायची. टँकर आला की गल्लीतला जो कुणी सायकलवर असेल त्यानं टॉकीजवर जाऊन सांगायचं. या सोयीनं बायका पुन्हा सिनेमाला जायला लागल्या. घागरी दारात मांडून ठेवायच्या आणि दुपारी तीनच्या खेळाला बसायचं. नायिका रडत असायची आणि तिच्या गालावर कुठल्या तरी गल्लीचं नाव यायचं, त्या गल्लीच्या बायका चपला शोधत उठायच्या, बाकीच्या खुशाल बघत राहायच्या. याचं कुणालाही काही वाटत नसे. जगात सगळीकडं सिनेमे असेच बघतात, अशीच माझी समजूत होती.

त्या दिवशी काकू मला जबरदस्तीनं घेऊन गेल्या. घरात बसून घाम पुसण्यापरास चल, तिथं पंखे तरी हायेत, म्हणाल्या. सिनेमाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या काळी तसल्या नावाचे डझनभर यायचे. दोन जुळे भाऊ, दोन्ही कामं एकाच नटाची. थोरला पोलीस इन्स्पेक्टर. धाकटा बापाशी भांडून घरातून गेलेला आणि स्मगलरचा ट्रक चालवणारा. धाकट्याच्या डाव्या भिवईवर लहानपणी पडल्याची खूण, तेवढाच काय तो दोघांतला फरक. शेवटी शेवटी काय होतं, तर टोळीला फसवायला धाकटाही खाकी कपडे घालतो. दगडाच्या खाणीत तुंबळ मारामारी होते, गोळ्या सुटतात, आणि दोघांपैकी एक भाऊ पेटलेला ट्रक घेऊन टोळीसकट कड्यावरून खाली जातो. कुठला भाऊ, ते धुरात कळत नाही. मग घर. आई देवापुढं बसलेली. दारात बूट वाजतात. खाकी कपडे, कपाळावर ओढलेली टोपी. आई उठते. तो टोपीला हात घालतो, टोपी काढतो, आणि नेमकी त्याच्या कपाळावर अक्षरं येतात: वखार गल्ली. टँकर आला.

आमची अख्खी रांग उठली. माझीही उठायची धडपड चालली होती, तर काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "पोट घिऊन पळू नगो. तू बस. तुजी घागर म्या भरते." आणि त्या गेल्यासुद्धा.

मी बसले. समोरून बायका जात होत्या, मान इकडं तिकडं करून मी बघत होते. अक्षरं जायला वेळ लागला. ती गेली तेव्हा आईनं मुलाला कवेत घेतलं होतं आणि आम्हाला फक्त त्याची मान दिसत होती. लगेच दिवे लागले.

सावकाश चालत घरी आले तर माझी घागर उंबऱ्यात भरून ठेवलेली. वर ताटली, ताटलीवर तांब्या. मी कितीतरी वेळ तिच्याकडं बघत उभी राहिले. पुढं देगलूरला आईला हे सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, हात लावला? स्वतः उचलून आणली? मी हो म्हटलं. मग आई चुलीपुढं जाऊन बसली. एवढ्या वर्षांत मी पुष्कळांची देणेकरी झाले, पण त्या घागरीचं ओझं मला अजून खांद्यावर हवंहवंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत तोंडं उघडली. घरी कोण आला, थोरला की धाकटा? शिलाईकाम करणाऱ्या शमीमआपा म्हणाल्या की त्यांनी पळता पळता दारातून वळून बघितलं, खूण होती. दुसरी म्हणाली, खूण नव्हती, तो घाम होता. आधी तो सिनेमा बघून आलेले पुरुष सापडले, त्यांना विचारलं, तर एकजण खूण उजव्या भिवईवर होती म्हणाला आणि दुसऱ्याला मुळात खुणेचंच ठाऊक नव्हतं, तो मारामारी बघून खूश होता. टॉकीजमध्ये शुक्रवारी सिनेमा बदललेला, रिळांच्या पेट्या पुढच्या गावी गेलेल्या. मग कुणाला तरी आठवलं की समोरची ती देगलूरची शेवटपर्यंत बसली होती. सगळ्या माझ्याकडं वळल्या. लातूरमध्ये माझ्या तोंडाकडं इतक्या जणींनी एकदम बघायची ती पहिलीच वेळ. मी खरं ते सांगितलं, की टँकरमधला 'ट' बरोबर त्याच्या डाव्या भिवईवर आला होता. सगळी रांग हसत सुटली, आणि हसता हसता माझ्या घागरीपुढची ती जास्तीची जागा कधी भरली ते मला कळलं नाही.

त्यानंतर रोज वाद. घागर पुढं सरकवायची आणि मुद्दा मांडायचा. बूट कुणाचे होते? आईच्या डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं? थोरला असता तर आई एवढ्यानं उठली असती का, तो तर रोजच घरी येतो! हा मुद्दा माझा, आणि तो मी भर रांगेत मोठ्यानं मांडला, हेल काढून, देगलुरी थाटात. पुढं मी शिक्षिका झाले, वर्गात तीस वर्षं बोलले. पण चारचौघांत आपलं म्हणणं मांडता येतं, आणि ते ऐकून घेतात, याचा पहिला अनुभव तो.

एक दिवस ओट्यावरून अप्पा बोलले. अप्पांनी जन्मात टॉकीजची पायरी चढलेली नव्हती. अंधारात बसून परक्यांच्या घरातलं कशाला बघायचं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण रोज ऐकून ऐकून त्यांना सगळी गोष्ट पाठ झाली असणार. ते कुणाकडंही न बघता म्हणाले, "धाकटा मेला. बापाचा उंबरा वलांडून गेला तवाच मेला."

रांग एकदम गप्प झाली. मला वाटलं, वयस्कर माणूस बोलला म्हणून गप्प झाली. काकू वाकून घागर विसळत होत्या, त्या घागरीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आईनं कवळ घातली की. वळखल्याबिगर घातली आसंल व्हय?"

त्या दुपारी काकू पदराखाली दोन कैऱ्या घेऊन माझ्याकडं आल्या आणि चुलीपाशी बसून त्यांनी सांगितलं. धाकटा मुलगा बसू नांदेडला असतो. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सशी त्यानं गेल्या वर्षी रजिस्टर लग्न केलं. अप्पांनी त्याच दिवशी सांगितलं, या घरात त्याचं नाव निघायचं नाही. आणि खरोखरच निघालं नव्हतं. नवरा-बायको एका ताटलीखाली झाकल्यासारखे एकाच घरात, आणि पोराचं नाव दोघांच्याही तोंडात नाही. काकूंनी तसबिरीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ती बी तुमच्यातलीच हाय. सुनंदा नाव हाय म्हनं. म्या तिला बघितली बी न्हाई." मग त्यांनी मला विचारलं, तुमच्यात सासूला काय म्हणतात. मी म्हटलं, आत्या म्हणतात, काही जणी आईच म्हणतात. त्यांनी कैरी चिरायला घेतली.

तेव्हापासून मला तो वाद वेगळा ऐकू यायला लागला. समोरच्या घरातून जेवणाच्या वेळी आवाज यायचे. धाकट्याची चूक काय होती? काकू विचारायच्या. बापाला इचारलं न्हाई, अप्पा म्हणायचे. इचारलं आस्तं तर बापानं हो म्हटलं आस्तं का? यावर अप्पांकडून भाकरी आणा एवढंच यायचं. सिनेमातल्या धाकट्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, नुसतं धाकटा म्हणायचे. पण वर्षभरानं त्या घरात तो शब्द पुन्हा बोलला जात होता. मला वाटतं, गल्लीतल्या निम्म्या बायकांना हे कळत होतं आणि म्हणूनच वाद मिटू नये याची त्या काळजी घेत होत्या. शमीमआपा तर वाद थंडावला की मुद्दाम एखादं लाकूड सारायच्या. खाणीतला ट्रक आधी कुणी चालू केला, असलं काहीतरी काढायच्या.

मग एकदा मी ओट्यासमोरून जात असताना अप्पांनी मला थांबवलं. त्यांनी माझ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ.

"पोरी, त्या शेवटाला बाप कुठं हुता?"

कुणीच हा प्रश्न काढला नव्हता. मी डोळे मिटून आठवलं. बाप होता. मागं, आतल्या खोलीच्या दारात.

"चौकट धरून उभे होते, अप्पा. पुढं आले नाहीत."

"मंग?"

"मग दिवे लागले."

अप्पा पिवळ्या पायरीकडं बघायला लागले. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही, म्हणून मी थोडी उभी राहून निघून गेले.

जून लागला होता. आभाळ नुसतं भरून यायचं आणि जायचं. एका सकाळी टँकर आला, रांग लागली, शमीमआपांनी खुणेचं पुन्हा काढलं. तेवढ्यात अप्पा ओट्यावरून खाली उतरले. हातात बादली. अप्पा पाण्याच्या रांगेत कधी येत नसत. ते आले, शेवटी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खूण हुती. डाव्या भिवईवर. म्या बघितली. धाकटाच आला."

अप्पा टॉकीजला गेले नव्हते, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. एरवी कुणालाही सोडत नसणाऱ्या शमीमआपा खाली बघून घागरीची चुंबळ नीट करायला लागल्या. काकूंच्या घागरीत पाइप होता, घागर भरली, वरून वाहायला लागली. त्या उन्हाळ्यात पाणी वाहून चाललंय आणि कुणी ओरडत नाही, असं तेवढं एकदाच झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडच्या एसटीत बसले. परत आले तेव्हा चौघं होते. अप्पा पुढं झपझप चालत आले आणि घरात शिरले. मागून बसू आणि सुनंदा, तिच्या हातात एक पत्र्याची पेटी. काकूंनी आतून भरलेला तांब्या आणला आणि दोघांच्या पायांवर ओतला. आम्ही सगळ्या दारादारांत उभ्या होतो. तांब्याभर पाण्याचा तेव्हा काय हिशेब होता ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा आतल्या दाराची चौकट धरून उभे होते. मला ते माझ्या दारातून दिसत होते, आणि मी तर हा शेवट आधी बघितलेला होता, म्हणून माझे डोळे त्या चौकटीवरच होते. अप्पांनी चौकट सोडली. ते पुढं आले, सुनंदाच्या हातातली पेटी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

सगळं त्याच दिवशी गोड झालं, असं कुणी समजू नये. थोरल्या सूनबाईंनी बरेच दिवस सुनंदाच्या हातचं पाणी घेतलं नाही. अप्पांचा आवाजही लगेच मऊ झाला नाही. पण सुनंदाची पुढं लातूरला बदली झाली, आणि अप्पा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा विभूतीचे पट्टेसुद्धा तिच्या हातानं लावून घ्यायचे. वाकडे लागले तर कुरकुर करायचे आणि पुन्हा तिच्याकडूनच लावून घ्यायचे.

नंतर एका दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर ती पाण्याच्या वाघिणींची रांग बघताना हे म्हणाले, बघ, मागची गाडी शेवटी आली. आम्ही हसलो आणि मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. हे आता नाहीत. लातूर म्हटलं की लोकांना शिकवण्या आठवतात, नाही तर कोरडे नळ. मला काजळीच्या काचेवर कोरलेली अक्षरं आठवतात. ज्या कुणी ऑपरेटरनं ती काच नेमकी त्या क्षणी दिव्यापुढं धरली, त्याला मी ओळखत नाही. तो असेल तिथं सुखात असो. त्यानं दोन मिनिटं उशीर केला असता तर आम्ही शेवट बघून, डोळे पुसून घरी गेलो असतो आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. मग मी त्या गल्लीत गप्पच राहिले असते. बसूचं नाव कुणी, कधी काढलं असतं कोण जाणे.

यंदा टँकर आला त्या दिवशी हे सगळं मी माझ्या मुलीला पुन्हा एकदा सांगितलं. ती त्या खेळाला माझ्या पोटात होती, म्हणून मी तिला साक्षीदार म्हणते. तिनं ऐकता ऐकता फोन काढला आणि म्हणाली, आई, अगं हा सिनेमा इथं आहे की. मला नको होतं. पण हातात फोन आला, आणि मी काही संत नाही.

चित्र खराब होतं, रेघा होत्या, पण दिसत होतं. खाण, धूर, ट्रक. आई देवापुढं. बूट. तो टोपी काढतो. मुलीनं तिथंच थांबवलं आणि दोन बोटांनी कपाळ मोठं केलं. डावी भिवई स्वच्छ, अखंड. कुठं ओरखडासुद्धा नाही. घरी थोरला आला होता. अप्पा पहिल्यांदा ओट्यावर बसून म्हणाले ते बरोबर होतं, धाकटा मेला होता. एवढी मोठी बरोबर असलेली बाजू त्या माणसानं भर रांगेत सोडून दिली, आणि ती बरोबर आहे हे त्यालाही कधी कळलं नाही.

काकू आता लातूरलाच बसू-सुनंदाजवळ असतात. नव्वदीला टेकल्या आहेत, ऐकू कमी येतं. दर रविवारी मी फोन करते, सुनंदा तो मोठ्या आवाजावर लावून त्यांच्या कानाशी धरते. या रविवारी मी सांगितलं, काकू, तो सिनेमा सापडला, मी शेवट बघितला. पलीकडं पंख्याचा आवाज येत होता. माझी मुलगी माझ्याकडं बघत होती.

"खूण हुती का गं?"

"होती, काकू. डाव्या भिवईवर."

"मंग," काकू म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंच हुतं की."